ड्रोन घेतला त्या वर्षी

“कशासाठी पाहिजे तुम्हाला?” दुकानदारांनी विचारलं.

काचेच्या टेबलावर तो ड्रोन ठेवला होता. करड्या रंगाचा, चार पंख पसरून बसलेला, पुढं वाटाण्याएवढा डोळा. हातात घेतला तर आंब्याइतकाच जड. एवढ्याशा वस्तूची किंमत मी दोनदा विचारून घेतली होती.

“शेत बघायला,” मी म्हटलं. “ऊस.”

“किती एकर आहे?”

“दीड.”

दुकानदार, इनामदार त्यांचं नाव, भला माणूस. हसले नाहीत. “ताई, दीड एकर तर बांधावर उभं राहिलं तरी दिसतं की.”

“पाखरंपण बघायची असतात मला.”

हेही खोटंच होतं. कावळा, चिमणी, घार आणि पोपट सोडले तर मला एकाही पाखराचं नाव सांगता आलं नसतं. सांगलीतलं ते दुकान कॅमेऱ्यांचं. तिथं लग्नाचे फोटो काढणारे यायचे, गडावर जाणारी पोरं यायची. पंचावन्न ओलांडलेली, गावात ब्लाउज शिवणारी बाई ड्रोनची चौकशी करायला आली, हे त्यांच्याही बाबतीत पहिल्यांदाच घडत असावं. तरी त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. किती वेळ उडतो, किती लांब जातो, वारा असला की काय करायचं. मी मान हलवत होते. त्यातलं निम्मं डोक्यावरून जात होतं. मला विचारायचं होतं ते वेगळंच.

“वरनं माणूस ओळखू येतं का ह्यात?”

“किती उंचावर आहे, त्यावर आहे ते.”

“चेहरा? चेहरा दिसतो?”

इनामदारांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. “खाली आणला तर चेहरा काय, कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसेल. पण ताई, लोकांच्या घरावर, अंगणावर नसतो उडवायचा हा. भांडणं होतात. कायदाही आहे.”

“छे हो, घरावर कशाला,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलून बाहेर आले.

आमचे हे स्कूटरला टेकून उभे होते. दुकानात शिरायचा त्यांना मनस्वी कंटाळा.

“घेतलंस काय?”

“न्हाई.”

“मग एवढा वेळ काय केलंस?”

“बघितलं नुसतं.”

दूध संघात सगळी नोकरी झालेली. माणूस आधीच कमी बोलणारा. स्कूटरला किक मारली आणि आम्ही वारणेच्या काठाला, आमच्या गावाकडं निघालो.

पैसे होते. ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून बाजूला टाकत गेलेले. पाटल्या करायच्या म्हणून ठेवलेले. पण पाटल्या मोडता तरी येतात. ही वस्तू उसात पडली की गेली. मुलगा हैदराबादला असतो, त्याला फोनवर नुसतं विचारून बघितलं, तर तो हसायलाच लागला. “आई, तुला स्कूटर चालवता येत नाही, तू विमान उडवणार? हौसच असेल तर खेळण्यातला घे एखादा.” खेळण्यातल्याचंही मी इनामदारांना विचारलं होतं. तो झाडाच्या उंचीच्या वर गेला की वाऱ्यानं भरकटतो म्हणाले. म्हणजे तोही उपयोगाचा नाही.

मग माझी मीच स्वतःशी वाद घालत बसायची. चष्म्याचा नंबर वाढलाय. सुईत दोरा ओवताना हात थरथरतो. गावातल्या बायका काय म्हणतील? आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक शंका होती, ती मशीनवर बसलं की हमखास वर यायची. असं चोरून बघणं बरं का? ज्या घरात आपल्याला कुणी बोलावत नाही, त्या घरात वरून डोकवायचं?

एकदा सकाळी चहा पिताना मीच म्हटलं, “जाऊ दे. पाटल्याच करते.”

ह्यांनी बशी खाली ठेवली. “पाटल्या घालून जाणार कुठं तू?”

मी कपबशा गोळा केल्या. त्यांना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. उठून त्यांनी दोरीवरचा शर्ट घेतला आणि म्हणाले, “चल. त्या इनामदाराला म्हणावं, उडवून दाखव आधी. न उडवता कोण घेतंय?”

दुकानामागं शाळेचं मैदान होतं. सुट्टीचा दिवस, मैदान मोकळं. इनामदारांनी ड्रोन जमिनीवर ठेवला, आणि गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज करत तो वर गेला. मग त्यांनी ते चालवायचं यंत्र माझ्या हातात दिलं. त्याला दोन दांड्या आणि वर पडदा.

“हळू ढकला. डावीकडची वर-खाली.”

मी ढकलली, आणि ड्रोन एकदम असा उसळला की माझी बोबडी वळली. मी दोन्ही अंगठे सोडून दिले, डोळे मिटले आणि आवाजाची वाट बघत उभी राहिले.

आवाज आला नाही.

“डोळे उघडा, ताई,” इनामदार म्हणाले. “सोडून दिलं म्हणून पडत नाही तो. आहे तिथंच थांबतो. तुम्ही पुढं काय सांगताय त्याची वाट बघत.”

मी वर बघितलं. खरंच, तो निळ्या आभाळात तसाच थांबला होता. मग पडद्यावर बघितलं. मैदान, लिंबाचं झाड, आणि झाडाखाली आमचे हे. त्यांचं लक्ष नव्हतं. खिशातला रुमाल काढून ते स्कूटरचा आरसा पुसत होते. आरसा पुसून झाला, मग स्वतःचा चेहरा पुसला, मग कमरेवर हात ठेवून जरा वाकून पाठ मोकळी केली. घरात त्यांनी कधी पाठ दुखते म्हणून सांगितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं, त्यांना न कळता, कधी बघितलं नव्हतं. किती थकले होते ते. आणि चेहरा स्पष्ट दिसत होता.

“द्या बांधून,” मी इनामदारांना म्हटलं.

त्यानंतर ऊस तुटून गेलेल्या आमच्या रानात मी रोज सकाळी उडवायला शिकले. एकदा बांधावरच्या बाभळीत अडकवला. ह्यांनी काठीला विळा बांधून तो काढला, हाताला काटे लागले. एकदा पंख तुटले. इनामदारांनी डब्यातच जास्तीचे दिले होते, ते बसवले. गावातल्या बायका दोन दिवस बघायला आल्या, तिसऱ्या दिवसापासून कुणाला त्याचं काही राहिलं नाही. अंगठ्यांना हळूहळू समजत गेलं. शिवणयंत्रावरचा पाय जसा आपोआप चालायला लागतो, तसंच.

मग फाल्गुनातल्या एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, “आज नदीवर जाऊ या.”

“मी कधीचा म्हणतोय, ही कवा म्हणतीय,” ते म्हणाले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

नदीच्या काठावर, जुन्या उताराच्या दगडांवर आम्ही उभे राहिलो. पूर्वी इथून नाव सुटायची. लग्न झाल्यावर पहिल्या सणाला ह्याच नावेत बसून मी पलीकडं गेले होते. पूल झाला आणि नाव बंद पडली. पलीकडच्या काठावर ऊस, उसामागं झाडं, झाडांमागं पाण्याच्या टाकीचा पांढरा माथा. तेवढाच दिसायचा. आमच्या गच्चीवरूनही तेवढाच.

मी ड्रोन सोडला. काठ मागं पडला, पाणी आलं. पडद्यावर नुसतं हिरवट पाणी, त्यावर ड्रोनची सावलीसुद्धा दिसत नव्हती. आता पडला तर बुडालाच. ह्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून. मग वाळू आली, ऊस आला, शाळा, देवळाचं शिखर, टाकी. टाकीपासून उजवीकडं. वरून सगळी घरं सारखीच दिसत होती. माझं मलाच घर सापडेना. जिथं जन्मले, वाढले, त्या घराचं छप्पर मी कधी बघितलेलंच नव्हतं.

मग जनावरांचा गोठा दिसला, त्याला लागून फरसबंद अंगण, आणि अंगणात उन्हाला बसलेला एक पांढरा ठिपका.

मी ड्रोन खाली आणला. ठिपक्याचं डोकं झालं, डोक्यावरचा पदर झाला. आई तुरीच्या शेंगा पसरून, हातात काठी घेऊन त्या बडवत बसली होती.

तीन दिवाळ्या झाल्या होत्या तिला बघून.

दादाची, माझ्या थोरल्या भावाची, ऋतुजा एकुलती एक मुलगी. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा जातीबाहेरचा. घरातून निघून ती आली ती माझ्याकडं. मी तिला जेवायला घातलं, माझी पैठणी नेसवली, आणि तिच्या लग्नाला आम्ही दोघं उभे राहिलो. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोरगी पुण्यात सुखात आहे. पण दादा त्या संध्याकाळी आमच्या दारात आला आणि चप्पल न काढता म्हणाला, “माझी पोरगी गेली आणि बहीणबी गेली. माझा उंबरा चढायचा न्हाई.” आईला ऐकायला कमी यायचं, तिच्याकडं फोन नव्हता. मी दादाच्या फोनवर लावला की तो कट करायचा. भाऊबीजेला मी दोनदा ताट घेऊन पुलावरून गेले आणि दार बंद बघून परत आले. नदीच्या पलीकडं माझी आई दिवसेंदिवस म्हातारी होत होती, आणि ती कशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

आता दिसत होती. वाळली होती. पण काठी जोरात मारत होती. एक शेंग उडून लांब पडली, ती तिनं बसल्या बसल्याच सरकून उचलली. मला मोठ्यानं हसू आलं.

आवाज तिला ऐकू गेला नसावा, पण कोंबड्या पळाल्या म्हणून तिनं वर बघितलं. कपाळावर आडवा हात धरून. थेट माझ्याकडं. गोंदलेली हनुवटी, ओठांची बारीक हालचाल. मग तिनं काठी उचलली आणि घार हाकलतात तशी माझ्यावर उगारली. हाड्, हाड् करत असणार. मी तिथंच थांबले.

“बघ, काठी कशी फिरवतीया,” मी म्हणत होते. “अहो, बघा की, हात कसा चांगला हाय अजून.”

“बघतोय,” हे म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “माला, ते काय वाजतंय?”

हातातलं यंत्र पिपाणीसारखं वाजत होतं. बॅटरी संपत आली होती. पडद्यावर अक्षरं आली: परत बोलवायचं का? मी नको दाबलं. आईनं काठी खाली ठेवली होती आणि ती आता नुसतीच बघत होती, मान वाकडी करून, हे काय नवीन म्हणून. पुन्हा अक्षरं आली. मी पुन्हा नको दाबलं. तिसऱ्यांदा त्यानं मला विचारलं नाही. ड्रोन आपोआप खाली यायला लागला. मी अंगठे वर ढकलले, काही उपयोग झाला नाही. फरशी जवळ आली, शेंगा उडाल्या, आईच्या लुगड्याचा काठ मोठा मोठा होत गेला, आणि पडद्यावर नुसता अंधार झाला.

आम्ही दोघं दगडांवर उभे.

“आता?” मी म्हटलं.

ह्यांनी छत्री मिटली. “आता काय. महागाची वस्तू हाय. आणायला जायला पाहिजे.”

“दादा उंबरा चढू देणार न्हाई.”

“अंगणात पडलंय न्हवं? उंबरा कशाला चढतीस?”

पुलावरून वळसा घालून जायचं तर बरंच अंतर आहे. स्कूटरवर मागं बसून मी सारखी पदर सावरत होते. काय बोलायचं ते जुळवत होते, मोडत होते. गोठ्याजवळ ह्यांनी स्कूटर उभी केली आणि म्हणाले, “मी थांबतो हितंच. जा तू.”

अंगणात शेंगा तशाच पसरल्या होत्या. मधोमध कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं, आणि डालग्यावर हात ठेवून आई बसलेली. सोप्याच्या पायरीवर दादा. त्याचे केस पार पांढरे झाले होते. मला बघून तो उठला नाही, हललाही नाही.

“तुझंय होय हे?”

“होय.”

“ठाण्यात देणार होतो मी. हिनं हात लावू दिला न्हाई. म्हणली, मुकं हाय, भ्यालंय, ज्याचं असंल त्यो येईल न्यायला.”

आईनं माझ्याकडं बघितलं. डोळे बारीक केले. मी बाजारातनं आल्यासारखी ती म्हणाली, “आलीस व्हय गं? ऊन लागलं आसंल. बस, मी च्या टाकतो.”

मी खाली बसले, तिथंच, शेंगांत. तिचा हात हातात घेतला. काठीचा हात. खरखरीत, गरम. ती माझ्या पाटल्या नसलेल्या मनगटावरून बोटं फिरवत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “वाळलीस.”

“तू वाळलीस,” मी तिच्या कानाशी ओरडले.

“मी आता काय, पिकलं पान,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली, आत चुलीकडं गेली.

अंगणात मी आणि दादा राहिलो. मी डालगं उचललं. ड्रोन धड होता. एका पंखाला शेंगेचं टरफल चिकटलं होतं. मी तो पदरात घेतला. आता दादा “जा” म्हणेल म्हणून उठायच्या तयारीत होते.

“लांब जातं का गं हे?” त्यानं विचारलं.

“नदीच्या ह्या अंगापर्यंत आलं की.”

“त्याच्यापुढं?”

“थोडं जाईल अजून.”

दादा खाली बघत होता. पायाच्या अंगठ्यानं पायरीची कड घासत होता. लहानपणी मास्तरांसमोर उभा राहायचा तसा.

“पुण्यापर्यंत न्हाई जायचं?”

क्षणभर मला कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्याकडं बघवेना. तीन वर्षं मी ह्या माणसावर रागावत होते. नदीच्या अलीकडून मी पलीकडं बघायची, आणि हा पलीकडून कुठं बघत असेल, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

“न्हाई दादा,” मी म्हटलं. “पुण्याला यष्टी जाती.”

त्याचा अंगठा पायरीच्या कडेवर थांबला. मग उठला, गोठ्याकडं गेला, आणि तिथूनच त्याचा आवाज आला, ह्यांना उद्देशून, “दाजी, दारात काय उभं ऱ्हायलाय? आत या. जेवून जावा दोघंबी.”

त्या दिवशी पुण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. त्यानंतर मी दर आठवड्याला पुलावरून जात राहिले. ड्रोन घरीच असायचा. आईसाठी मी मऊ कापडाची सैल पोलकी शिवून न्यायची. ती आणखी दोन उन्हाळे होती.

त्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी मशीनवर बसले होते आणि ऋतुजाचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं काही कमीजास्त झालं. मी मशीन थांबवली.

“ऋतू, काय झालं गं?”

“आत्या,” ती म्हणाली, “पप्पा आलेत. खाली गेटपाशी उभे आहेत. मी खिडकीतून बघतेय. हातात पिशवी आहे आणि मान वर करून एकेक मजला बघतायत. त्यांना घराचा नंबर माहीत नाही. मी काय करू?”

“बघत काय बसलीस?” मी म्हटलं. “खाली जा.”